पेन्सिलीच्या आधी माती, धांडे आणि पाणी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं घर चोपडा तालुक्यात, शेती केळी आणि कापसाची. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी अडीचची. उन्हाळ्यात दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, म्हणून तुम्ही मोबाईलवर पाहून रंगीत कागद, फोम, चमकी, ग्लू गन असं साहित्य मागवलं. मुलगा पाच मिनिटं बसतो आणि उठतो, उरलेली वस्तू तुम्हीच पूर्ण करता. त्यात बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की तो पेन्सिल मुठीत आवळून धरतो, अक्षर वळत नाही. घरात मिळेल त्यातून काय करून घ्यावं आणि त्यानं अक्षराला मदत होईल का, हे तुम्ही विचारलंय.

यात साहित्य कमी पडल्याची अडचण मला दिसत नाही. कागदाचं फूल करायचं म्हटलं की मोजणं, कापणं, गरम गोंद लावणं ही सगळी कामं मोठ्यांची होतात. मुलाच्या वाट्याला शेवटी दोन डोळे चिकटवणं उरतं. तो पाच मिनिटांत उठतो, कारण त्याचं काम तेवढ्यातच संपलेलं असतं. त्यामुळे कोणताही उद्योग निवडताना एकच बघा: यातली किती मिनिटं त्याचे हात चालणार आहेत आणि किती मिनिटं तुमचे? तुमचे हात जास्त चालणार असतील, तर वस्तू कितीही देखणी होणार असली तरी या वयासाठी तो उद्योग सोडून द्या.

अक्षराचंही तसंच आहे. लिहिताना आधी खांदा आणि कोपर स्थिर व्हावा लागतो, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटांची शेवटची पेरं. या वयात मनगटातली हाडं पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांत जोर कमी असतो. जोर नसला की मूल मूठ आवळतं. मूठ सोडवायला रोज दोन पानं लिहून घेतली तर मूठ आणखी आवळली जाते, शिवाय वहीचा कंटाळा येतो तो वेगळाच. बोटांना जोर मिळतो तो मळण्यातून, चिमटण्यातून, टोचण्यातून, सोलण्यातून. खानदेशातल्या घरात आणि शेतात ही कामं भरपूर आहेत.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. मुलगा साडेचारचा म्हणजे नेमका किती महिन्यांचा, तो डावखुरा आहे का, घरी आजी-आजोबा आहेत का, धाकटी दुपारी झोपते का, यावर काय जमेल ते ठरेल. डावखुरा असेल तर उजवा हात वापरायला लावू नका, फक्त साहित्य त्याच्या डाव्या बाजूला ठेवा. आणि धाकटी जागी असताना पुढचे अर्धे उद्योग करता येणार नाहीत, हे आधीच धरून चाला.

धाकटीचं आधी सांगते, कारण धोका तिला जास्त आहे. अंगठा आणि तर्जनी जोडून जो गोल होतो, त्यातून जी वस्तू आरपार जाईल ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी, बटणं, खेळण्यातली चपटी गोल बॅटरी, सगळं यात येतं. हरभरा किंवा चवळीचा दाणा नाकात गेला तर तो ओलाव्यानं फुगतो आणि घट्ट बसतो. अशा वेळी घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, दाणा आणखी आत सरकतो. सरळ दवाखाना गाठा. बॅटरी नाकात किंवा पोटात गेली तर एक तासही थांबायचं नाही, ती आतून भाजते.

पेरणीच्या पाकिटातली सरकी, मका किंवा कोणतंही रंग चढवलेलं बियाणं खेळायला कधीच घेऊ नका. तो लाल-निळा रंग औषधाचा असतो. मोजायला, निवडायला फक्त स्वयंपाकघरातलं धान्य वापरा. बांधावरच्या बियांतली गुंज दिसायला फार सुंदर असते, पण ती अत्यंत विषारी आहे. धोतरा, एरंड आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टीही तशाच. नुकती फवारणी झालेल्या शेतातून पान, बोंड, फांदी काहीही घरात आणू नका.

आता उद्योगांकडे येऊ. मी मातीला पहिला नंबर देते.

पोळ्याला श्रावण अमावस्येला घरोघरी मातीचे बैल होतात, पण मातीकाम वर्षभर चालू ठेवण्यासारखं आहे. अडचण अशी की आपली शेतातली काळी माती भिजली की खूप फुगते आणि वाळली की तितकीच आक्रसते. मे महिन्यात वावरात ज्या भेगा पडतात, त्याच तुमच्या बैलाच्या पाठीवर पडतात. म्हणून नुसती काळी माती घ्यायची नाही. कुंभाराकडे तयार माती मिळाली तर उत्तम, दोन किलो पुष्कळ झाली. नाही मिळाली तर तीन वाटे काळी माती, एक वाटा नदीची बारीक चाळलेली वाळू आणि मूठभर अगदी बारीक केलेला गव्हाचा भुसा किंवा पिंजलेला कापूस घ्या. वाळू आक्रसणं कमी करते, भुशाचे आणि कापसाचे धागे भेगा पुढे जाऊ देत नाहीत. कुंभार मातीत लीद मिसळतात त्याचंही एक कारण हेच.

माती आधी वाळवून, कुटून, पिठाच्या चाळणीपेक्षा थोड्या मोठ्या भोकांच्या चाळणीनं चाळा. बाभळीचा काटा आणि काच हे दोन शत्रू आहेत, म्हणून हे काम मोठ्यांनीच करायचं. मग माती रात्रभर पाण्यात भिजवा. वर काडीकचरा तरंगेल तो काढून टाका, वरचं पाणी ओता आणि खालचा गाळ जुन्या सुती कापडावर किंवा गोणपाटावर पसरा. चार-सहा तासांत तो मळण्याजोगा होतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. तयार झाला का हे बघायला पेन्सिलीच्या जाडीची वळी करून बोटाभोवती गुंडाळा. वळी तडकली तर माती कोरडी आहे किंवा वाळू जास्त झाली आहे, बोटाला चिकटून राहिली तर अजून ओली आहे. मळणं मुलाकडेच द्या. त्याच्या हातांना सगळ्यात जास्त व्यायाम याच पायरीत होतो आणि नेमकी हीच पायरी आपण त्याच्याकडून काढून घेतो.

एका वेळी मोसंबीएवढा एक गोळा पुरे. पहिले काही दिवस त्याला बैल करायला सांगू नका. चेंडू, वळी, भाकरी, खड्डा पाडलेला दिवा असं काहीही होऊ द्या. वळी करताना दोन्ही तळवे एकत्र चालतात, चेंडू करताना मनगट फिरतं, दिव्याचा काठ चिमटताना अंगठा आणि दोन बोटं काम करतात. तीच बोटं पुढे पेन्सिल धरणार आहेत.

बैल करायची वेळ आली की बहुतेकांचे पाय गळून पडतात. कारण उघड आहे: आपण चार पाय वेगळे करून पोटाला चिकटवतो, त्यात पोट थोडं वाळलेलं असतं आणि पाय ओले असतात. त्यापेक्षा एकाच गोळ्याची जाड वळी करून तिच्या खालच्या बाजूनं चार पाय चिमटून ओढायला शिकवा. पाय आखूड आणि जाड ठेवा. वशिंडही वरच्या मातीतूनच चिमटून वर काढा. शिंगं मात्र जोडावी लागतात. जोडायच्या दोन्ही जागांवर काडीनं आडव्या-उभ्या रेघा ओढा, त्यावर मातीची पातळ पेज बोटानं लावा, मग शिंग दाबून थोडं हलवत बसवा. आधाराला आत काडी घालायचा मोह होतो, पण काडी आक्रसत नाही आणि भोवतीची माती आक्रसते, म्हणून बरोबर तिथेच तडा जातो. काडी घालायचीच असेल तर एक सेंटीमीटरच्या आत ठेवा.

वाळवताना ऊन पूर्ण टाळा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरची बाजू तासाभरात कडक होते, आतली ओलीच राहते आणि बैल मधोमध फाटतो. सावलीत, पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, पोटाखाली मातीचीच छोटी गोळी टेकू म्हणून ठेवून वाळवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस लागतात, पावसाळ्यात आठवडा. रंगाला गेरू आणि खळ पुरे. न भाजलेला बैल पाण्यात विरघळतो. मुलाला तो मोडायचा असेल तर बादलीत टाकून भिजवायचा आणि त्याच मातीचा दुसरा करायचा. जपून ठेवायचा आग्रह मोठ्यांचाच असतो.

खळीचा विषय निघालाच आहे तर तीही सांगते. एक वाटी पाण्याला दोन पोह्याचे चमचे मैदा घ्या. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, उरलेलं पाणी उकळून त्यात हळूहळू ओता आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. थेट गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होणारच. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नका, ते विष आहे. दोन दिवस पुरेल एवढीच खळ करा, आंबट वास आला की फेकून द्या.

माती घरात नको असेल तर कणकेचा गोळा करा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस, सगळं एकत्र कालवून कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा. कडा सोडून गोळा जमला की उतरवा, कोमट झाल्यावर मळा. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. चिकट लागला तर चमचाभर मैदा, तुकडे पडू लागले तर तेलाचा हात. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकतो, बाहेर ठेवलात तर आपल्या उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत वास येतो. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गोळा पाघळतो, तेव्हा नवा करणं बरं. धाकटीलाही हा देता येतो, पण समोर बसूनच. यात मीठ इतकं असतं की जास्त खाल्लं तर त्रास होईल.

दुसरा उद्योग धांड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचा. तुमच्या शेतात दादर ज्वारी नसली तरी शेजाऱ्यांकडे कापणीनंतरचा कडबा मिळेल. जुन्या पिढीतल्या कोणालाही विचारा, धांड्यांची बैलगाडी कशी करायची ते हातानं करून दाखवतील. मोठ्या मुलांचा हा खेळ साडेचार वर्षांच्या मुलासाठी थोडा बदलावा लागतो.

अंगठ्याएवढं जाड, सरळ, पूर्ण वाळलेलं धांडं घ्या. काळे डाग पडलेलं किंवा कुबट वासाचं नको, त्यात बुरशी असते. ओलसर धांडं घेतलं तर आज घट्ट बसलेली काडी दोन दिवसांत सैल होते, कारण आतलं भेंड, म्हणजे मऊ गाभा, वाळून आक्रसतं. गाठीजवळ कापून पंधरा-वीस सेंटीमीटरची कांडी पाडा. वरची साल सोलणं हे काम तुमचंच. तिची कड पात्यासारखी बोट कापते, त्यात मुलाला हात घालू देऊ नका. जाणती मुलं याच सालीच्या पट्ट्या खिळ्यासारख्या वापरतात. लहानांसाठी त्याऐवजी खराट्याच्या काड्या घ्या. त्या गोल असतात, धार नसते. पाच-सहा सेंटीमीटरचे तुकडे करा, एक टोक किंचित तिरपं कापा म्हणजे ते भेंडात सहज शिरतं, दुसरं टोक पॉलिश पेपरवर घासा.

आता मुलाच्या पुढ्यात काय आलं? सोललेल्या भेंडाचे दहा-बारा तुकडे आणि वीस-पंचवीस काड्या. पहिल्या दिवशी नुसतं टोचू द्या. साळिंदर होईल, काटेरी चेंडू होईल. काडी धरायला अंगठा आणि दोन बोटंच लागतात, मुठीत धरली तर ती वाकते आणि आत जात नाही. इथं त्याला पकड शिकवावी लागत नाही, काडीच शिकवते. म्हणूनच अक्षराच्या तयारीसाठी हा उद्योग मला मातीइतकाच मोलाचा वाटतो.

मग गाडीची चौकट: दोन लांब तुकडे समांतर, त्यांना जोडणाऱ्या तीन काड्या. काडी टोकापासून दोन सेंटीमीटर आत टोचायची, अगदी कडेला टोचली की भेंड चिरतं. एकदा काढलेली काडी त्याच भोकात परत घातली तर ती सैलच बसणार, शेजारी नवं भोक पाडायचं. चाकांना भेंडाच्या एक सेंटीमीटर जाड चकत्या तुम्ही धारदार सुरीनं कापून द्या. बोथट सुरीनं भेंड चेपतं आणि चाक लंबगोल होतं. चाक फिरत नाही ही नेहमीची तक्रार. चाक आणि गाडी दोन्हीकडे काडी घट्ट असली तर चाक कसं फिरेल? आस गाडीत घट्ट हवा आणि चाकात सैल. चाकाच्या भोकात काडी घालून गोल गोल हलवली की भोक मोठं होतं. चाक निसटू नये म्हणून बाहेरच्या टोकाला भेंडाचा एक छोटा तुकडा टोचा. हे कारण मुलाला आधीच सांगून टाकू नका. अडलेली गाडी आणि फिरणारी गाडी शेजारी ठेवा आणि त्याला हलवून बघू द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि आपल्या उन्हाळ्याला अगदी योग्य आहे: पाणी. सकाळी नऊच्या आत, सावलीतल्या भिंतीजवळ किंवा ओट्यावर, अर्धी बादली पाणी आणि रंगाऱ्याचा दोन-तीन इंची ब्रश द्या. ब्रश नसेल तर काठीला चिंधी बांधा. उभ्या भिंतीवर पाण्यानं मोठ्या रेघा, गोल, डोंगर, नागमोडी वळणं काढू द्या. भिंतीवर काढताना हात खांद्यापासून हलतो आणि मनगट आपोआप मागे वळतं. लिहिताना मनगट असंच हवं असतं. जमिनीवरच्या कागदावर वाकून हे मिळत नाही. आणि आपल्याकडच्या हवेत दोन-तीन मिनिटांत रेघ उडून जाते. खोडायची गरज नाही, चुकल्याची खूण राहत नाही, म्हणून मूल कंटाळेपर्यंत काढत राहतं. धाकटीलाही दुसरा ब्रश द्या, या एका उद्योगात दोघं एकत्र चालतात. फक्त बादलीत पाणी थोडंच ठेवा आणि तुम्ही तिथून हलू नका. लहान मूल बादलीतही बुडू शकतं.

अक्षरं घ्यायचीच असतील तर आधी भिंतीवर, मग धुळाक्षरात. परातीत रांगोळी घेण्याची पद्धत आहे, पण रांगोळी ही दगडाची बारीक पूड, ती नाकातोंडात जाते. त्याऐवजी जाड रवा किंवा धुतलेली वाळू घ्या, थर अर्ध्या सेंटीमीटरचा. जास्त थर झाला की बोट फिरवलं तरी खालचा तळ दिसत नाही आणि अक्षर उमटत नाही. तळाला गडद कागद घाला. पंखा आणि कूलर बंद ठेवा, नाहीतर सगळा रवा घरभर होईल. सुरुवात ‘अ’पासून करू नका, त्यात वळणं फार आहेत. ‘ग’, ‘म’, ‘न’, ‘र’ अशी सोपी अक्षरं आधी, आणि त्याच्या नावातलं पहिलं अक्षर त्याला हवं असेल तर तेही.

निवडण्या-सोलण्याची कामं तर रोजच्या स्वयंपाकातच असतात. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, एका वेळी वाटीभर. मटार, लसूण, वालाच्या शेंगा चालतील. घरच्या कापसातून सरकी वेगळी करणं हेही बोटांसाठी फार चांगलं काम आहे, नंतर हात साबणानं धुवायचे. सुपात मूठभर हरभरे, तूर आणि चवळी मिसळून इडलीपात्राच्या खळग्यांत वेगळी करायला लावा. सुरुवातीला दोनच धान्यं आणि पंधरा-वीस दाणे. वाटीभर दिलंत तर तो हात फिरवून सगळं एकत्र करेल, कारण काम संपताना दिसत नाही. ही सगळी कामं धाकटी झोपल्यावरच. उठायच्या आत फरशी झाडून घ्या.

गुलाबाईच्या दिवसांत डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असालच. तोच खेळ वर्षभर चालवता येतो. एकसारखे सहा छोटे अपारदर्शक डबे घ्या. दोनांत तांदूळ, दोनांत तूरडाळ, दोनांत चिंचोके, प्रत्येक डबा पाव भाग भरलेला. पूर्ण भरला तर वाजत नाही. झाकणं चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. मुलानं वाजवून जोड्या लावायच्या. आधी चारच डबे द्या, तांदूळ आणि चिंचोके, कारण तो फरक मोठा आहे. मग डाळ आणा. ‘त’ आणि ‘थ’, ‘ट’ आणि ‘ठ’ यांतला फरक पुढे कानालाच ओळखायचा असतो, त्याची ही तयारी.

मोजण्याबद्दल एक सांगायलाच हवं. तुमचा मुलगा वीसपर्यंत म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला समोरच्या काड्यांतून ‘मला सात दे’ असं सांगून बघा. बरीच मुलं सातला थांबत नाहीत, हातात येतील तेवढ्या देतात. म्हणणं आणि मोजणं वेगळं आहे. तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे करा, टोकं घासा आणि पाचच्या आत ‘तीन दे’, ‘पाच दे’ एवढंच महिनाभर खेळा. दहाचे गठ्ठे बांधणं त्यानंतर, साधारण पाच-साडेपाच वर्षांपुढे. ताटं वाढताना ‘आज कितला शेतस?’ विचारून तेवढ्या वाट्या आणायला लावा. घरात अहिराणी बोलत असाल तर हे सगळं अहिराणीतच होऊ द्या. ‘हाई काय शे?’ असं विचारलं की मूल मोकळेपणानं चार वाक्यं बोलतं. पुस्तकी मराठीत विचारलं की एका शब्दावर थांबतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. शाळेची मराठी त्याला शाळेत मिळेलच.

ठशांचं थोडक्यात. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा, केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की जाळीदार चंद्रकोर. देठ कापल्यावर अर्धा तास चीक गळू द्या आणि पुसून घ्या, केळीचा डाग कपड्यावरून जात नाही. रंग थेट वाटीत नको, ताटलीत ओली घडी केलेली चिंधी ठेवून त्यावर रंग ओता, नाहीतर ठसा न उमटता नुसता फराटा उठतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं चित्र काढलं तर ते लालसर उमटतं, लिंबू लावलं की पुन्हा पिवळं होतं. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

महागड्या साधनांवाचून हे चालतं का, अशी शंका तुमच्या शब्दांत दिसली म्हणून सांगते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीनं १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, ती शंख, शिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंवरच. त्यांच्याकडे समुद्र होता, तुमच्याकडे दादर आणि काळी माती आहे.

बसवण्याची रीतही महत्त्वाची आहे. एका वेळी एकच उद्योग बाहेर काढा, बाकीचे डबे नजरेआड. जागा ठरलेली हवी, एक पोतं किंवा चटई, आणि कामाची हद्द तेवढीच. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली, त्याआधी उठला तर उठू द्या, पण वस्तू डब्यात भरायला लावा. तोच उद्योग आठवडाभर रोज ठेवा. मोठ्यांना रोज नवं हवं असतं, मुलाला तेच पुन्हा करायचं असतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या हातून काहीतरी वेगळं निघतं. ‘बैल असा नसतो’ म्हणून त्याच्या हातातला घेऊन सुधारू नका. ‘वा, किती छान’ हेही सारखं नको. ‘याचं वशिंड तू कसं वर काढलंस?’ असं विचारा, म्हणजे तो केलेलं काम शब्दांत सांगेल.

शेवटी पेन्सिल कधी द्यायची, हे. त्याला शर्टाची बटणं स्वतः लावता यायला लागली, खराट्याची काडी न वाकवता भेंडात जाऊ लागली, मातीची बारीक वळी न तुटता होऊ लागली, की बोटं तयार होत आली असं समजा. तेव्हाही लांब पेन्सिल देऊ नका. पाटीवर खडूचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा द्या. तो मुठीत मावत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला टेकवून उभी करा. बाईंना हे सांगून ठेवा आणि सुट्टीनंतर शाळेतही काही दिवस खडूच चालेल का ते विचारा. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही चमचा नीट धरता येत नसेल, एक हात तो सतत टाळत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट आता येत नसेल, तर घरच्या उद्योगांवर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाहीतर या उन्हाळ्यात वही कपाटात राहू द्या आणि उद्या सकाळी बादली-ब्रशापासून सुरुवात करा.